लातूर ते आखाडा, टप्पा दुसरा: घंटी वाजते, आवाज येईना

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की घरातल्या घरात दोन्ही फोन बोलायला लागलेत, आता एक फोन उचलून शेतात नेऊन ठेवला की झालं. त्या 'नेऊन ठेवला की झालं'ला सहा रविवार गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी अशी: लातूरच्या घरी रास्पबेरी पायवर (चिमुकला संगणक) ॲस्टेरिस्क, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर. औशाच्या पुढं आमच्या आखाड्यावर (शेतातल्या खोलीवर) सिमचा ४जी राउटर आणि टेबलावरचा जुना आयपी फोन (इंटरनेटवरून बोलणारा), दोन्ही सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. धाकटा भाऊ पुण्यात, त्याच्या मोबाइलवर सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं ॲप. घर १०१, आखाडा १०२, भाऊ १०३. बाहेरच्या टेलिफोन जाळ्याला यातलं काही जोडलेलं नाही, हा आमचा घरगुती इंटरकॉम. पत्र्याच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही (राउटर बाहेर बांबूवर डब्यात टांगलाय) आणि आखाड्यावरच्या अण्णांना रिसीव्हर कानाला लावल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही. ही झाली घरच्यांना सांगायची कारणं. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे.

पहिले दोन रविवार

फुकट गेले. घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पॅकेटांना आत पायपर्यंत वाट दिली: सिपसाठी (फोन लावण्या-तोडण्याचे निरोप) ५०६०, आरटीपीसाठी (प्रत्यक्ष आवाज) १०००० ते १०१००. पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो, तर एक पॅकेट येईना. मग राउटरच्या स्टेटस पानावर नजर गेली. बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता, आणि 'माझा आयपी काय' विचारल्यावर इंटरनेट भलताच आकडा सांगत होतं. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते २०१२ पासून, आरएफसी ६५९८ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) प्रमाणे, इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत. म्हणजे माझ्या नॅटच्या (घरातली सगळी यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागं ठेवणारी राउटरची सोय) वर पुरवठादाराचं आणखी एक नॅट. आपण वाड्याचं दार सताड उघडून बसलो होतो आणि गावाची वेस बंद होती.

पुरवठादाराला फोन केला. "सर, स्पीड तर बरोबर यायलंय ना?" हे वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. चौथ्याला 'स्टॅटिक पब्लिक आयपी' (बाहेरून थेट पोचता येणारा, न बदलणारा पत्ता) हे शब्द माहीत होते. महिन्याला जादा पैसे भरून तो घेतला. ज्यांना मिळत नाही त्यांनी बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन ॲस्टेरिस्क तिथंच ठेवावा, पुढची निम्मी डोकेदुखी वाचेल. मला यंत्र डोळ्यासमोर लागतं, हा माझा दोष.

तिसरा रविवार: मुका फोन

१०२ रजिस्टर झाला, म्हणजे ॲस्टेरिस्ककडं त्याची हजेरी लागली. अण्णांनी लावला, घरी घंटी वाजली, मी उचलला, आणि दोन्हीकडं शांतता. एसएनग्रेप (सिपचे निरोप दाखवणारं साधन) उघडून आखाड्याचा इन्व्हाइट, म्हणजे कॉल लावायचा निरोप पाहिला. त्याच्या पोटातल्या एसडीपीत (आवाज कुठं पाठवायचा ते सांगणारी चिठ्ठी) लिहिलं होतं: आवाज १९२.१६८.८.१०० वर पाठवा. आणि माझा ॲस्टेरिस्क उत्तरात सांगत होता: मला १९२.१६८.१.५० वर पाठवा.

१९२.१६८ चा पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागचं घर'. गावात कुणालाही विचारा, बरोबर नेऊन सोडेल. पण मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नाही? राउटर पॅकेटच्या पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतल्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते तो वाचत नाही. सिपचा निरोप पाकिटावरच्या पत्त्याने पोचतो, म्हणून घंटी वाजते. आवाज चिठ्ठीतला पत्ता बघून निघतो, म्हणून तो देवळं हिंडत बसतो.

ॲस्टेरिस्कच्या पीजेसिप (सिपच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये 'एक्सटर्नल मीडिया ॲड्रेस'ला पब्लिक आयपी दिला, 'लोकल नेट'ला घरचं जाळं सांगितलं. लगेच अण्णांचा आवाज मला आला. माझा त्यांना नाही. हे बरोबरच होतं, कारण मी फक्त माझ्या बाजूची चिठ्ठी दुरुस्त केली होती. त्यांच्या बाजूला 'आरटीपी सिमेट्रिक' चालू केलं: चिठ्ठीत काहीही लिहू दे, आवाज ज्या दारातून आला त्याच दारात परत पाठव. सोबत 'फोर्स आरपोर्ट' आणि 'रीराइट कॉन्टॅक्ट', सिपच्या निरोपांसाठी तेच. दोन्हीकडून आवाज!

एक मिनिटही आनंद टिकला नाही. अक्षरशः.

बत्तीस सेकंद

अण्णांनी लावलेला फोन मध्येच तुटायचा. मी लावला तर तुटत नसे, पण त्यांनी रिसीव्हर ठेवला तरी माझ्याकडं कॉल चालूच राही. घड्याळ लावलं. ३२ सेकंद. पुन्हा ३२. पुन्हा ३२.

हा आकडा दिसला की नेटवर्कच्या स्पीडवर शंका घेऊ नका. फोन उचलल्यावर २०० ओके ('उचलला' हा निरोप) जातो आणि समोरून एसीके (त्याची पोच) यावा लागतो. तो आला नाही तर ओके पुन्हा पुन्हा पाठवला जातो, आणि ६४ गुणिले अर्धा सेकंद, म्हणजे ३२ सेकंदांनी सिप हात टेकतं. २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्येच हे गणित आहे. एसएनग्रेपमध्ये ओकेची रांगच लागलेली दिसली. मी मीडियाचा बाहेरचा पत्ता दिला होता, 'एक्सटर्नल सिग्नलिंग ॲड्रेस' द्यायला विसरलो होतो. त्यामुळं ओकेमधला कॉन्टॅक्ट (पुढचे निरोप पाठवायचा पत्ता) अजून देवळामागचाच, आणि अण्णांच्या फोनचा एसीके तिकडं निघून जात होता. रिसीव्हर ठेवल्यावरचा 'बाय', म्हणजे कॉल संपल्याचा निरोपसुद्धा. एका ओळीने दोन्ही रोग गेले.

मधल्या किरकोळ लढाया

घरच्या राउटरमधलं सिप एएलजी. मदत म्हणून दिलेलं असतं, चिठ्ठी उघडून आतले पत्ते बदलतं, आणि तेही अर्धवट. पायवरून निघताना एक पोर्ट, आखाड्याच्या फोनच्या लॉगमध्ये दुसराच. बंद केलं. लाईट जाऊन आली की टिक पुन्हा हजर. शेवटी सिप ५०६० वरून उचलून भलत्याच पोर्टवर नेलं. या राउटरचं एएलजी ५०६० सोडून कुठं बघत नाही.

पोर्ट बदलल्याचा दुसरा फायदा: ५०६० उघडल्याच्या पहिल्याच रात्री लॉगमध्ये 'फ्रेंडली स्कॅनर' नावाचा पाहुणा १००, १०१, १००० असे नंबर चाचपत बसला होता. नावावर जाऊ नका. आता पाहुणे कमी झालेत, पण लांबलचक पासवर्ड आणि फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला रोखणारं सॉफ्टवेअर) हे दोन राखणदार ठेवलेच आहेत.

स्टन, म्हणजे आपला बाहेरचा पत्ता आणि पोर्ट बाहेरच्या सर्व्हरला विचारायची सोय. आखाड्याच्या फोनमध्ये चालू करून पाहिलं, उलट बिघडलं. सिमवाल्यांचं नॅट सिमेट्रिक दिसतं: स्टन सर्व्हरशी बोलताना एक पोर्ट, ॲस्टेरिस्कशी बोलताना दुसरा. मग स्टनने कळवलेला पोर्ट घेऊन काय करायचं? बंद.

भाऊ ते आखाडा दोन्हीकडून मुकं होतं, कारण ॲस्टेरिस्क दोघांची गाठ घालून देऊन स्वतः बाजूला होत होता. 'डायरेक्ट मीडिया' बंद केलं. आता पुण्याचा आवाज लातूरला वळसा घालून औशाला जातो. जाऊ दे.

सकाळी लागणारा फोन दुपारी लागेना: नॅटमधली नोंद पुसली जाते. २००७ ची आरएफसी ४७८७ म्हणते की यूडीपीची (सिप आणि आवाज ज्या प्रकारच्या पॅकेटांतून जातात ती) नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये. मी गप्प बसून मोजलं तर आखाड्याच्या बाजूला मिनिटभरातच दार बंद. फोनचं रजिस्ट्रेशन, म्हणजे हजेरी, मात्र तासाची. 'क्वालिफाय फ्रीक्वेन्सी' २५ सेकंदांवर आणली, तेवढ्या अंतराने ॲस्टेरिस्क कडी वाजवत राहतो.

पाचवा रविवार, ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो

सगळं जागेवर. तरी मी आखाड्याला लावलेल्या दहापैकी तीन-चार कॉलमध्ये शांतता. भावाने लावला तरी तेच. मी स्वतः आखाड्यावर जाऊन बसलो, घरून बायकोला लावायला सांगितलं: दहापैकी दहा ठीक. मी लातूरला परतलो की पुन्हा गडबड. दोन दिवस बॅटरीवर संशय घेतला, वायर बदलली, बांबू फिरवला.

मग एक मुका कॉल पकडून आरटीपी मोजली. चांगल्या कॉलमध्ये दर सेकंदाला ५० पॅकेटं दोन्हीकडून धावतात. इथं लातूरहून ५० निघत होती, आखाड्याकडून शून्य. अण्णांना दुसऱ्या दिवशी विचारलं, "फोन उचलल्यावर तुम्ही काय म्हणता?"

"मी कशाला काय म्हणू? ज्यानं लावला त्यानं बोलावं."

मी उचलल्यावर 'हॅलो' म्हणतो. अण्णा म्हणत नाहीत. आणि त्या फोनमध्ये सायलेन्स सप्रेशन चालू होतं, माणूस गप्प असेल तर पॅकेट पाठवायचंच नाही, डेटा वाचवायचा. इकडं ॲस्टेरिस्क सिमेट्रिक आरटीपीच्या भरवशावर बसलेला: तिकडून एक तरी पॅकेट येईपर्यंत त्याला दार माहीत नाही, तोवर माझा आवाज चिठ्ठीतल्या देवळामागच्या पत्त्यावर. अण्णा माझ्या बोलण्याची वाट बघायचे, ॲस्टेरिस्क अण्णांच्या. ज्या दिवशी अण्णांना खोकला यायचा किंवा मागं कुत्रं भुंकायचं, त्या दिवशी फोन चालायचा.

फोनच्या ऑडिओ पानावरची व्हीएडीची (हेच ते सायलेन्स सप्रेशन) टिक काढली. आता ते गप्प असले तरी सेकंदाला ५० पॅकेटं शांतता पाठवतात. जी.७११ ला (आवाज पॅकेटांत भरायची पद्धत) एका बाजूने ८० केबीपीएस लागतात, म्हणजे दहा मिनिटांचं बोलणं दोन्ही बाजू धरून साधारण १२ एमबी. परवडतं.

सहावा रविवार

वीस कॉल, वीस ठीक. एकविसावा रात्री साडेअकराला, मी लावलेला. रात्रपाळीची लाईट आली होती. उचलल्याचा खट् आवाज, मग नेहमीची शांतता, पण या वेळी त्या शांततेत मागचे रातकिडे ऐकू येत होते.

"अण्णा?"

"हां. यायलंय ऐकू. मोटर चालू केली, झोप तू."

राहिलेलं काम: ढगाळ दिवशी बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही. आणि आखाड्याच्या सिमला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता, ज्याला नॅट लागत नाही) मिळतो असं राउटर दाखवतोय. घरच्या लाइनलाही मिळाला तर वरचं अर्धं पान खोडून टाकता येईल. पुरवठादाराला विचारलंय. त्याने विचारलं, स्पीड कसं यायलंय.