दुखत नाही म्हणून राहून गेलेली कॅप

रूट कॅनल पूर्ण झालं त्या दिवशी डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, "पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या." मी हो म्हणाले आणि चार महिने फिरकले नाही. कारण एवढंच, की दुखत नव्हतं. रात्र रात्र जागवणारी दाढ गप्प झाली की वाटतं, सुटलो एकदाचे. मग एका सकाळी चूळ भरताना तोंडात खडा आल्यासारखं झालं. हातावर घेतला तर तो दाढेचाच तुकडा होता. जिभेकडची भिंत तुटली होती आणि दिवसभर जीभ त्या धारदार कडेवरच जात राहिली.

रूट कॅनलमध्ये दाढेतली नस काढायला वरून भोक पाडून आत उतरावं लागतं. त्याआधी किडीने बरंच खाल्लेलं असतंच. शेवटी उरतात त्या पातळ भिंती. चावताना दाब आला की त्या बाहेर फाकतात आणि एक दिवस तडकतात. कॅप त्यांना चहूबाजूंनी आवळून धरते. रंगरूप हा मागच्या दाढेसाठी दुय्यम मुद्दा.

"नशीब, तुकडा हिरडीच्या वरच तुटलाय," डॉक्टर म्हणाल्या. चीर मुळात उतरली असती तर दाढ काढावीच लागली असती. कॅपला पकड मिळायला हिरडीच्या वर सगळीकडून साधारण 2 मिलिमीटर तरी खरा दात उरलेला लागतो. माझा जेमतेम तेवढा होता. आधी आतली पोकळी फिलिंगने भरून घेतली आणि त्यावर कॅपची तयारी सुरू झाली.

कोणती कॅप, यावर मी फार घोळ घातला नाही. पूर्ण धातूच्या कॅपला दाढ सगळ्यात कमी घासावी लागते. आत धातू आणि वर सिरॅमिक असलेली कॅप वर्षानुवर्षं वापरात आहे, पण पुढे हिरडी खाली सरकली की कडेला काळसर रेघ दिसू शकते. मी झिर्कोनियाची, म्हणजे एका कणखर सिरॅमिकची निवडली. ती मजबूत असते आणि आत धातू नसल्यामुळे ती रेघ येत नाही. दाढ घासण्याआधीच खिडकीच्या उजेडात रंगांची पट्टी दातांशी लावून पाहिली. तोंड बराच वेळ उघडं राहून दात कोरडे पडले की मूळ रंगापेक्षा पांढरे दिसतात, म्हणून रंग आधी ठरवतात.

नस काढलेली असूनही भूल दिली, ती हिरडीसाठी. चावण्याच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर आणि कडेने त्याहून थोडी कमी दाढ घासली गेली. मग माप घेतलं आणि तात्पुरती कॅप बसवली. तिचं सिमेंट मुद्दामच कच्चं असतं. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, वर ओढला तर कॅपही सोबत येते, म्हणून दोरा आत घालून बाजूने सरकवत बाहेर काढायचा, असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी घाईत मी वरच ओढला आणि कॅप हातात आली. तशीच डबीत घालून दवाखाना गाठला. कोणाची कॅप अशी निघाली तर घरातल्या गोंदाने चिकटवू नका आणि कॅपविना दिवसही काढू नका. शेजारचे दात हळूहळू त्या जागेत कलायला लागतात आणि तयार होऊन आलेली कॅप मग बसत नाही.

पक्की कॅप बसवली त्या दिवसाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. कॅप नुसती ठेवून पाहिली, शेजारच्या दातांमधून फ्लॉस घट्टसर जातोय ना ते तपासलं, एक्स-रे काढून कडा पाहिल्या. मग निळा कागद दाताखाली धरून "चावा, घासा, परत चावा." जिथे जास्त टेकतं तिथे ठिपका गडद उमटतो आणि तेवढंच घासतात. "आता कसं वाटतंय?" तोपर्यंत माझा जबडा आंबून गेला होता. किंचित उंच लागत होतं, पण होईल सवय, असं मनाशी धरून मी "ठीक आहे" म्हणाले. कॅप पक्की चिकटवली गेली.

सवय झाली नाही. दोन दिवसांत त्या बाजूने चावलं की खोल ठणका उठायचा. मला कळेना, नस काढलेली दाढ दुखते कशी? डॉक्टरांनी समजावलं की दाढेच्या आतली नस गेलेली असली तरी मुळाभोवतीचे तंतू जिवंत असतात आणि दाब त्यांना कळतो. पुन्हा निळा कागद, अर्ध्या मिनिटाचं घासणं, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत ठणका गेला. तेव्हा खुर्चीतून उठण्याआधी, केसभर जरी उंच वाटलं तरी बोलून दाखवा. आपला चावा आपल्यालाच कळतो.

आता काळजीचं. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या आतला दात खराच असतो. कॅपची कड आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर थर साचला की कीड तिथूनच आत शिरते. आणि नस नसल्यामुळे तिची कळ उठत नाही. चांगली राखली तर कॅप 10 ते 15 वर्षं किंवा त्याहूनही जास्त टिकते, पण ती कितीही मजबूत असली तरी राखायची असते ती ही रेषा. रोज रात्री मी ब्रश तिरका धरून हिरडीच्या कडेने फिरवते, मग फ्लॉस दाढेला बिलगवून खाली-वर करते. झोपेत दात खायची सवय असल्याने नाइट गार्डही, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं आवरणही लावते. बर्फ, सुपारी, पेनाचं टोपण, काहीही त्या दाढेखाली फोडत नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी बारीक सळई कडेवरून सावकाश फिरवली. गालाकडून सगळं गुळगुळीत होतं. जिभेकडे, जिथे भिंत तुटली होती नेमकं तिथेच, सळईच्या टोकावर पांढरा मऊ थर आला. त्यांनी तो मला आरशात दाखवला. दुखत काहीच नव्हतं. त्या रात्रीपासून ब्रश आधी जिभेकडून सुरू करते.