गणपती पेठेतील जुन्या पेढ्या
सांगलीच्या गणपती पेठेत पुढे दुकान, मागे वखार आणि माडीवर बिऱ्हाड अशा रचनेच्या ज्या जुन्या पेढ्या अजून उभ्या आहेत, त्यांचे मोल केवळ सागवानी खांबांत नाही. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी स्थापलेल्या संस्थानाचे हे शहर हळद-गुळाच्या व्यापारावर कसे वाढले, हे त्या रचनेतच वाचता येते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर मला त्यांच्या चुन्याच्या भिंतींचे महत्त्व अधिकच जाणवते. चुना ओल बाहेर सोडतो; त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, तुळयांची टोके कुजतात आणि मग तीच इमारत धोकादायक ठरवून पाडली जाते. हे मला फार सलते. दुरुस्ती चुन्यानेच व्हावी आणि पाडकामाला परवानगी देण्याआधी महापालिकेने प्रत्येक पेढीची मोजमापांसह नोंद करावी, असा माझा आग्रह आहे.