बोटापासून पावलापर्यंत

सुरुवात उजव्या हाताच्या मधल्या बोटापासून झाली. सकाळी कुकरचं झाकण लावायला गेले तर मूठच वळेना. मग डावा हात, मनगटं, आणि गणपतीपर्यंत पावलंसुद्धा. दादरच्या पुलावर कठडा धरून एकेक पायरी चढायचे. मागची गर्दी काय काय बोलायची ते इथे लिहीत नाही.

पहिले डॉक्टर म्हणाले, "वय झालं, मावशी." वय 53! दुसऱ्यांनी कॅल्शियम दिलं. तिसरे एक्स-रे बघून म्हणाले, झीज. दोन्ही हातांची तीच ती बोटं एकदम कशी झिजली, असं विचारलं तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी भाचीने संधिवाताच्या तज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला आणि विचारलं, "सकाळी अंग किती वेळ आखडलेलं असतं?" दीड तास! आठ महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. झिजेचं आखडणं सहसा अर्ध्या तासात सुटतं, सुजेच्या संधिवाताचं तासाच्या वर जातं, म्हणाल्या. माझा आरए फॅक्टर, म्हणजे या सुजेच्या संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह होता, म्हणून मी निर्धास्त. पण तो निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो. याच आजाराची दुसरी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, पॉझिटिव्ह आली.

आता या संधिवातावरची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कालनिर्णयवर लाल गोल केलेत. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. माझा पाचवा चालू आहे. तोवर पोळ्या हे लाटतात. आज ऑस्ट्रेलिया झाला होता.