टोळ्या सोळा, गव्हाण एकच

सांगलीत बीई किंवा साताऱ्यात एमएस्सी गणित झालं. आता न्यूमरिकल मेथड्स (समीकरणं आकडेमोडीनं सोडवणं) आणि पॅरलल कम्प्युटिंगमध्ये (एकच काम अनेक प्रोसेसरवर वाटून करणं) संशोधनाची जागा मिळेल का, त्यासाठी कुठला कोर्स लावू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

जागा आहेत. पुण्यात सी-डॅक (सरकारी संगणन संशोधन केंद्र) आणि उष्णदेशीय हवामान संस्था, बंगळुरूत आयआयएस्सी आणि टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) उपयोजित गणिताचं केंद्र. नेट किंवा गेट असेल तर 2023 पासून जेआरएफचा, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीचा, केंद्राचा दर महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. मात्र प्रकल्पावरची जागा प्रकल्पापुरतीच. हे घरी आधीच सांगून ठेवा.

कोर्स नको. एक प्रोग्राम नीट करा, सी किंवा फोर्ट्रानमध्ये: चौकोनी पत्र्यावर उष्णता कशी पसरते. पत्र्यावर बिंदूंची जाळी आखा आणि सोपी एक्सप्लिसिट पद्धत घ्या, म्हणजे आत्ताच्या आकड्यांवरून थेट पुढच्या क्षणाचे काढायचे. जाळीतलं अंतर निम्मं केलंत की वेळेची पायरी चौथाई करावी लागते. विसरलात तर आकडे बघता बघता आभाळाला भिडतात. म्हणजे बिंदू चौपट, पायऱ्या चौपट, काम सोळापट. पॅरललची गरज इथून सुरू होते.

आधी ओपनएमपी, म्हणजे एकाच मशीनच्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणन-एककांवर) काम थ्रेडमध्ये वाटणं; त्याला लॅपटॉप पुरतो. मग एमपीआय, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवणं: पत्र्याचे पट्टे पाडायचे, एकेक पट्टा एकेका प्रोसेसला, आणि प्रत्येकीनं कडेची ओळ शेजारच्या प्रोसेसला द्यायची. इथं हमखास ठेच लागते. दोघी शेजारणी आधी पाठवायलाच बसल्या, तरी जाळी लहान असताना चालून जातं, कारण निरोप बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, मावतो. जाळी मोठी केली की दोघी एकमेकींची वाट बघत कायमच्या अडकतात. पाठवणं आणि घेणं एकत्र करणारं सेंडरिसीव्ह वापरा.

आता 1, 2, 4, 8, 16 कोअरवर वेळ मोजा आणि वेग किती पट वाढला याचा आलेख काढा. संगणक अभियंता जीन अ‍ॅमडालनं 1967 मध्ये मांडलेला हिशेब असा: पाच टक्के काम एकामागून एकच होणार असेल, तर 16 कोअरवर वेग जेमतेम नऊपट, आणि कितीही कोअर लावा, वीसपटीच्या पुढे नाही. तुमचा आलेख त्याच्याही आधी आडवा होईल. ऊसतोडीच्या टोळ्या सोळा केल्या तरी कारखान्याची गव्हाण एकच. इथं गव्हाण म्हणजे सगळ्या कोअरना मिळून असलेली मेमरी. बेरजेचा क्रम बदलल्यानं उत्तराचे शेवटचे अंक हलतील, त्याला घाबरू नका. तिसरा-चौथा अंक हलला तर मात्र दोन थ्रेड एकाच जागी लिहितायत का ते तपासा.

प्राध्यापकांना मेल करताना हा आलेख आणि तो का वाकला याच्या चार ओळी पाठवा. सर्टिफिकेटांची चळत कुणी उघडत नाही. मुलाखतीतही प्रश्न त्या वाकण्यावरच येतात.

‘प्रोजेक्टला कृष्णेचा पूर घेऊ का?’ जरूर, पण दुसऱ्या खेपेला. ओल्या-कोरड्या काठावर पाण्याची खोली शून्याजवळ येते आणि वेग काढताना त्याच खोलीनं भागायचं असतं. मग खोली उणे निघते आणि गणित तिथंच फुटतं. ते सांभाळलंत की सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या 2019 च्या पुरातल्या पाणीपातळीच्या फुटांशी उत्तर ताडून बघा.