न्यूट्रल

बोगदा संपला आणि बाबांचा हात नकळत गिअरकडे आला. "न्यूट्रल कर रे. उतार आहे, पेट्रोल वाचेल."

कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल. या उतारावर किती अपघात झालेत, ते पुण्यात कुणाला सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक, तापून निकामी झालेले ब्रेक.

मी गाडी चौथ्यातच ठेवली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. "बाबा, मीटर बघा." मायलेजचा आकडा पार वर जाऊन टेकला होता. आताच्या इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा गाड्यांत, असं गिअरमध्ये उतरलं की इंजिनला पेट्रोल जातच नाही, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला थोडं तरी लागतंच.

बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या कार्बोरेटरच्या गाडीला हे नव्हतं."

खरंच नव्हतं. त्यांनी असं थेंब थेंब वाचवलं म्हणून आमच्या गावच्या फेऱ्या झाल्या. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पण हाच सल्ला आजही कुणीतरी नवशिक्याला देत असेल, याची धास्ती वाटते.

तुमच्या घरी उतारावर काय करतात?