पीएचपीच्या चाचण्या आणि छापलेला मजकूर

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचा स्वतःचा चाचणीसंच जवळजवळ पूर्णपणे छापलेल्या मजकुरावर उभा आहे. ‘पीएचपीटी’ प्रकारच्या प्रत्येक फाइलमध्ये चालवायचा कोड आणि त्याने नेमके काय छापले पाहिजे तो मजकूर, हे दोन्ही शेजारी-शेजारी लिहिलेले असते, आणि ‘रन-टेस्ट्स’ ही स्क्रिप्ट कोड चालवून आलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहते. अशी चाचणी कोणालाही सरळ वाचता येते, हा तिचा मोठा गुण आहे. पण तिचा भरवसा आपण काय छापतो आणि अपेक्षा किती सैल ठेवतो, यावरच अवलंबून असतो.

छापण्यासाठी ‘एको’ ही आज्ञा वापरली, तर ‘फॉल्स’ (असत्य), ‘नल’ (मूल्यच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) या तिन्हींसाठी काहीच उमटत नाही. फंक्शनने चुकून ‘फॉल्स’ऐवजी ‘नल’ परत केले, तरी चाचणी बिनदिक्कत उत्तीर्ण होते. ‘व्हार-डंप’ हे फंक्शन मात्र मूल्याबरोबर त्याचा प्रकारही छापते, म्हणून अशा चाचण्यांत तेच वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

काही मजकूर मुळातच बदलता असतो. कोडमध्ये काही खटकले की पीएचपी जो इशारा छापते, त्यात फाइलचा पूर्ण मार्ग येतो आणि तो प्रत्येक संगणकावर वेगळा असतो. त्यासाठी, अपेक्षित मजकूर जशाचा तसा लिहिण्याच्या ‘एक्स्पेक्ट’ विभागाऐवजी ‘एक्स्पेक्टएफ’ हा विभाग वापरतात: त्यात टक्केचिन्हापुढे ‘एस’ लिहिले की त्या ओळीतला कोणताही मजकूर चालतो, ‘डी’ लिहिले की फक्त अंक चालतात, आणि ‘ए’ लिहिले की ओळी ओलांडूनही काहीही चालते. हा शेवटचा ‘ए’ मला धोक्याचा वाटतो, कारण मध्येच एखादा नवा इशारा छापला गेला तरी तो त्यात निमूटपणे गिळला जातो. मार्गासाठी ‘एस’ अपरिहार्य आहे. ओळ क्रमांकाचे तसे नाही. चाचणीचा कोड त्याच फाइलमध्ये असल्याने तो क्रमांक आधीच ठाऊक असतो, आणि इशारा योग्य ओळीवर येतो का हेच तपासायचे असेल, तर तिथे ‘डी’ न लिहिता खरा आकडा लिहावा.

पीएचपी ८.० मध्ये घोषित नसलेल्या व्हेरिएबलबद्दलची ‘नोटिस’ ही सौम्य सूचना जाऊन ‘वॉर्निंग’ हा अधिक गंभीर इशारा झाला आणि संदेशाचे शब्दही बदलले. अशा वेळी अपेक्षित मजकूर नव्याने भरून देणारी ‘ब्लेस-टेस्ट्स’ ही स्क्रिप्ट हाताशी असते, परंतु आलेला मजकूर बरोबर आहे की नाही हे तिला कळत नाही. जे छापले गेले तेच ती अपेक्षा म्हणून लिहिते, आणि इशाऱ्यांतले ओळ क्रमांक तर स्वतःहून ‘डी’ करून टाकते. म्हणून ती चालवल्यानंतर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये दिसणारा फरक ओळीन् ओळ वाचावा, आणि जो बदल का झाला हे सांगता येत नाही, तो कमिट करू नये, म्हणजे त्या नोंदीत कायम करू नये.