ब्लू माउंटनवर चकमकीची बंदूक घेऊन: नाताळनंतरच्या हरणशिकारीचा वृत्तांत आणि कायद्याची वाट

गेल्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखेला, मी आणि माझा एक सहकारी मित्र पूर्व पेनसिल्व्हेनियातील ब्लू माउंटनच्या डोंगररांगेवर, ११० क्रमांकाच्या 'स्टेट गेम लँड'वर (शिकारीसाठी राखलेल्या राज्याच्या जमिनीवर) हरणाच्या शिकारीसाठी गेलो होतो. पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालणारा हा हंगाम केवळ चकमकीच्या बंदुकीसाठी राखलेला आहे. १९७४ साली तो प्रथम सुरू झाला आणि त्यात आजही गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूकच चालते. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मंडळींना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा, विशेषतः कायद्याच्या बाबतीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान बांधताना मित्राने आपली नवी रायफल पेटीतून काढली आणि माझ्या पोटात गोळा आला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पितळी साज, लांब नळी, सारे जुन्या धाटणीचे होते; परंतु घोड्याच्या (चाप ओढताच आपटणाऱ्या भागाच्या) तोंडात गारगोटी नव्हती आणि रंजकदाणीच्या (ठिणगी झेलणारी बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवायच्या वाटीच्या) जागी टोपी, म्हणजे घोडा आपटताच पेटणारी स्फोटक भरलेली धातूची छोटी वाटी, बसवायची बोंडी होती. म्हणजे ती टोपीदार बंदूक होती. विक्रेत्याने "ठासणीच्या हंगामाला चालते" असे सांगितले होते आणि ते अर्धेच खरे होते: ऑक्टोबरातील मादी हरणांच्या ठासणीच्या हंगामात ती चालते, नाताळनंतरच्या हंगामात चालत नाही. मित्राने ती घरीच ठेवली आणि दोन्ही दिवस तो माझ्यासोबत निःशस्त्र आला. हातात परवाना असूनही रिकाम्या हाताने डोंगर चढणे सोपे नसते, याबद्दल मला त्याचे मनापासून कौतुक वाटते.

ही चूक का होते हे समजून घेतले पाहिजे. 'जुन्या धाटणीची बंदूक' ही कायद्याच्या दृष्टीने एकच गोष्ट नाही. संघराज्याचा १९६८ चा 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट' एक प्रश्न विचारतो आणि राज्याचा शिकारीचा कायदा दुसराच. संघराज्याच्या कायद्यानुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी तयार झालेले शस्त्र 'पुरातन' ठरते, आणि आज घडवलेली ठासणीची रायफलही काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी असून तयार काडतूस घेऊ शकत नसेल, तर तिलाही तेच स्थान मिळते. अशा शस्त्राला त्या कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' मानलेच जात नाही. मात्र आधुनिक बंदुकीच्या सांगाड्यावर बेतलेली किंवा नळी बदलून सहज काडतुसाची करता येणारी ठासणीची रायफल या सवलतीत बसत नाही. बाहेरून ती कितीही जुनी दिसली तरी फरक पडत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनची, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या खात्याची, रेषा मात्र १८९८ ची नसून १८०० ची आहे. नाताळनंतरच्या हंगामात १८०० पूर्वीच्या एकनळी लांब ठासणीच्या बंदुकीचा अस्सल नमुना किंवा तिची तशीच प्रतिकृती लागते. नळीचा व्यास किमान .४४ इंच, ठिणगी चकमकीची, नेम साधा उघडा, दुर्बीण नाही. टोपीला जन्म देणाऱ्या, आघाताने दारू पेटवण्याच्या तंत्राचे पहिले पेटंटच १८०७ चे आहे, म्हणून एखाद्याकडे १८६० ची खरीखुरी टोपीदार रायफल असेल तर ती संघराज्याच्या दृष्टीने पुरातन असूनही या हंगामात बेकायदेशीर ठरेल, आणि गेल्या महिन्यात कारखान्यातून आलेली चकमकीची प्रतिकृती पूर्णपणे कायदेशीर ठरेल. बंदूक विकत घेण्यापूर्वी एवढे एक ध्यानात ठेवले तरी आमच्यासारखी फसगत टळेल.

आपल्यापैकी बरेच जण एच-१बी व्हिसावर असतात, त्यांच्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्थलांतरितेतर व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक. पुरातन शस्त्र त्या कायद्याच्या 'फायरआर्म'च्या व्याख्येतच येत नसल्याने तेथे ही मनाई मुळात लागू होत नाही. तरीही माझा सल्ला असा की आधी शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण करून परवाना घ्यावा आणि मगच बंदूक घ्यावी, कारण रस्त्यात कोणी विचारले तर खिशातील परवाना हे सर्वात सरळ उत्तर असते. शिवाय राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी; तेथे शिकारीसाठी ठासणीची रायफल विकत घेतानाही नेहमीच्या बंदुकीप्रमाणे खरेदीचे ओळखपत्र लागते. पेनसिल्व्हेनियातही, गंभीर गुन्ह्यामुळे ज्यांना शस्त्र बाळगण्यास राज्याने बंदी केली आहे, त्यांना 'ही तर पुरातन आहे' असे म्हणून सुटका नाही.

माझ्या आजोळी, कुडाळच्या बाजूला, शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि मला या शस्त्राची ओढ तिथूनच लागली. पण तेथील परवाना पिकाच्या रक्षणाचा होता, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात भेकर, सांबर, चितळ यांची शिकार गुन्हा आहे आणि शस्त्र जुने असल्याने त्यात काहीही सवलत मिळत नाही. इथे हे शिकलेल्या कोणीही गावी गेल्यावर तसा मोह धरू नये, आणि इथून बंदूक भारतात नेण्याचा विचारही शस्त्र कायद्यातील परवान्याची पूर्ण माहिती घेतल्याशिवाय करू नये.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळतो. सामान्य शिकार परवान्याच्या जोडीला ठासणीचा स्वतंत्र परवाना लागतो, आणि परवान्यासोबत मिळणारी, मारलेल्या प्राण्याला बांधायची शिंगाळ्या नराची चिठ्ठी वापरली गेली नसेल तर ती या हंगामात मादी हरणालाही लावता येते, ही मोठी सोय आहे. शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत, तेथील रहिवाशाच्या परवानगीशिवाय, बंदुकीने शिकार करता येत नाही. नारिंगी पोशाखाची या हंगामात सर्वत्र सक्ती नसली तरी आम्ही दोघांनी तो घातला होता, कारण त्याच दिवसांत त्याच डोंगरावर इतर शिकारीही चालू असतात.

माझी रायफल .५० इंची नळीची आहे. मी ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) काळी दारू, तेलकट कापडाची चकती आणि शिशाची गोळी असा बार भरतो. दारू अस्सल काळीच घ्यावी. पायरोडेक्ससारखे पर्याय जास्त उष्णतेला पेटतात आणि चकमकीच्या ठिणगीला भरवशाने साथ देत नाहीत. अस्सल दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची असते, स्फोटक म्हणून गणली जाते, त्यामुळे अनेक मोठ्या दुकानांत ती ठेवतच नाहीत. महिनाभर आधी शोध सुरू करावा. पुरातन शस्त्रांत, खेळासाठी वापरायची असेल तर ५० पौंडांपर्यंत कारखान्यात बनलेली काळी दारू बाळगण्यास संघराज्याचा स्फोटक परवाना लागत नाही. मात्र ती विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, आणि टोप्यांनाही तीच मनाई आहे. विमानाने जाणाऱ्यांनी बंदूक रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत, आधी सांगून न्यावी आणि दारू मुक्कामी विकत घ्यावी.

पहिल्या दिवशी ओला बर्फ पडत होता. दुपारी साधारण ३५ पावलांवर एक मादी ओकच्या बुंध्याआडून बाहेर आली, मी चाप ओढला, ठिणगी पडली, रंजक भडकली आणि नळीतला बार मात्र झालाच नाही. बंदुकीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मी पुरता एक मिनिट थांबलो, कारण उशिराने बार होण्याचा धोका असतो. मग कानातून, म्हणजे रंजकेची आग नळीत नेणाऱ्या छिद्रातून, सुई फिरवून नवी रंजक घातली, तोवर मादी कधीच निघून गेली होती. कारण मला संध्याकाळी उमगले. सकाळी भरलेली बंदूक मी जेवणाच्या वेळी गरम गाडीत ठेवली होती, थंड नळीला आतून दव सुटले आणि दारू ओलावली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार रंजकदाणीतली रंजक काढली की चकमकीची बंदूक गाडीत नेण्यापुरती 'रिकामी' मानली जाते, म्हणजे मी नियम मोडला नव्हता. पण कायदा परवानगी देतो म्हणून ते करावेच असे नाही. त्यानंतर मी गाडीत बसण्यापूर्वी बार जमिनीत सुरक्षितपणे काढून टाकतो.

दुसऱ्या दिवशी आकाश निवळले होते. सकाळी नऊच्या सुमारास उताराखालून तीन माद्या आल्या, मित्राने माझ्या खांद्याला हलकेच स्पर्श करून डावीकडची दाखवली, आणि ४० पावलांवरून टाकलेला बार झाला. समोर पांढऱ्या धुराशिवाय काहीच दिसेना. अशा वेळी धावत सुटू नये. जेथे प्राणी उभा होता ती जागा झाडावरून नजरेत धरून ठेवावी, बंदूक पुन्हा भरावी आणि मगच पुढे जावे. साठेक पावलांवर मादी पडलेली मिळाली. जागेवरून हलवण्यापूर्वी चिठ्ठी भरून कानाला बांधणे आणि दहा दिवसांच्या आत कमिशनला कळवणे सक्तीचे आहे. राज्यात २०१२ पासून हरणांचा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' (मेंदूला होणारा, हरीण खंगवून मारणारा रोग) आढळत असल्याने काही भाग रोगनियंत्रण क्षेत्रे म्हणून आखलेले आहेत. तेथून डोके आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही, म्हणून जाण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका आणि तिच्यातील नकाशा पाहून घ्यावा.

परतताना नॅझरेथजवळच्या जेकब्सबर्ग येथील लाँगरायफल संग्रहालय आवर्जून पाहावे, असे मी सुचवेन. तो भाग हेन्री घराण्याच्या बंदूक कारखान्याचा आहे आणि ज्यांना लोक केंटकी रायफल म्हणतात त्या पेनसिल्व्हेनियाच्याच कारागिरांनी घडवल्या, हे तेथे डोळ्यांनी दिसते. सुट्टीतल्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

घरी पोहोचल्यावर कितीही थकवा असला तरी नळी त्याच रात्री गरम पाण्याने धुवावी. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि दोन दिवसांत लोखंड खाते. मी नळी धूत असताना मित्र शेजारी बसून पुढच्या वर्षासाठी चकमकीची रायफल शोधत होता, आणि प्रत्येक छायाचित्रात आधी घोड्याचे तोंड मोठे करून पाहत होता.